आखाजीच्या आत पाय बरा होईल का?

मंडळी, फैजपुरात बोलायला उभा राहिलो की १९३६ आठवतंच. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन इथलं. त्याच वर्षी तिकडे माँट्रियलला हान्स सेल्ये नावाच्या संशोधकानं ‘नेचर’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा, औषध टोचा. कारण कुठलंही असो, शरीरात घडतं तेच. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी वाढतात, जठरात व्रण पडतात. ताणाचा शास्त्रीय अभ्यास इथून रुळला.

माझ्याकडे येतो तो सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. ट्रॅक्टरवरून पडलेला, नडगीचं हाड मोडलेलं. मी प्लॅस्टरची काळजी सांगतोय आणि तो मध्येच विचारतो, “डाक्टर, मना पाय आखाजीलगुन बरा व्हई का?” आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं, नवं ठरतं. लंगडणाऱ्या माणसाला कोण ठेवणार? त्यात मागची उचल डोक्यावर. नडगी नीट जुळायला चार-पाच महिने सहज जातात. तेव्हा मी नवा होतो. वाटलं, याचं लक्ष नाही. खरं तर दुखणं कुठं आहे ते त्यानं मला आधीच सांगितलं होतं.

काळजीनं दुखणं भरायला उशीर होतो, हे मी हवेत बोलत नाही. १९९८ साली अमेरिकेत ओहायोमध्ये दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूला साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम केली. एकदा सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळी भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे चाळीस टक्के जास्त वेळ. अकरांपैकी एकाचीही जखम सुट्टीइतक्या लवकर भरली नाही. तरणी, खातीपिती पोरं, आणि ताण फक्त पेपरचा!

होतं असं की ताणात शरीरातलं कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं. संकट टळेपर्यंत ते कामाचंच. पण जखम भरायची तर आधी तिथं थोडी सूज यावी लागते, दुरुस्ती करणाऱ्या पेशी गोळा व्हाव्या लागतात. कॉर्टिसोल नेमकं त्यालाच लगाम घालतं. महिनोन्‌महिने चढंच राहिलं तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं बांधणाऱ्या पेशी मंदावतात.

बाकीचं माणूस स्वतः करतो. झोप उडते, म्हणून बिडी वाढते, आणि बिडीनं हाड जुळायला उशीर होतो. पाय टेकवायला भीती वाटते. हाड जुळलेलं असतं, मी ‘टेकव’ म्हणतो, तरी हा काठीवरच. मांडी बारीक होते, गुडघा आखडतो, वजन वाढतं. दोन वर्षांनी तोच माणूस साखरेच्या गोळ्या घ्यायला येतो आणि पायाचं दुखणं ‘तवापासून’ चालूच असतं. दुखणं खोटं नसतं बरं का. फक्त आता ते हाडात नसतं.

आणि भेटायला येणारे! केळी आणतात, चांगली गोष्ट आहे. पण खाटेशी बसून अमक्याच्या पायाचं कसं वाटोळं झालं, रॉड कसा काढावा लागला, ते तासभर सांगतात. मी वॉर्डात हे ऐकलं की चक्क बाहेर काढतो. रागावतात लोक.

आता मी पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारतो: झोप लागते का, उचल किती, घरात कमावणारं दुसरं कोण. वेळ लागतो, रांग कुरकुरते. अपघातच सारखा डोळ्यांपुढे येत असेल, दचकून जाग येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. जाणं जमणार नसेल त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर लिहून देतो. फोनला पैसे पडत नाहीत.

त्या सालदाराच्या मालकाला मी बोलावून घेतलं. मोटार आणि ठिबक सांभाळायला माणूस लागतोच की, म्हटलं. मालक थोडा घुटमळला, मग हो म्हणाला. पुढच्या तपासणीला सालदारानं पहिल्यांदा एक्स-रे स्वतःहून हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, “यामां मोडेल हाड कोनतं?”