टिळकांच्या घरातली दुसरी चूल

मंडळींना सलाम.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर बोला, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शाळेच्या पुस्तकातले कवी टिळक तुम्हाला ठाऊक आहेत. फुलांमुलांचे कवी म्हणून त्यांची ओळख आपल्याकडे पक्की झालेली आहे, त्यात मी आज भर घालणार नाही. मला बोलायचंय ते उपदेशक टिळकांबद्दल, आणि घरातल्या टिळकांबद्दल.

आमच्या घरी रात्रीची जेवणं उरकली की प्रार्थना व्हायची. आजी टाळ घेऊन बसायची. टाळाची दोरी केव्हाच तुटलेली, तिच्या जागी तिने जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी पिळून बांधली होती. आजीला अक्षरओळख नव्हती. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक समोर असायचं ते आमच्यासाठी. तिला सगळं पाठ. एक गाणं झालं की म्हणायची, “आता टिळकांचं घ्या रे.” हे ती अशा सुरात म्हणायची, की टिळक म्हणजे आमच्याच भावकीतले कुणी आजोबा असणार, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मामा-काकांची नावं घेताना तिचा जो आवाज लागायचा, तोच टिळकांचं नाव घेताना लागायचा. आमचा त्यांचा नात्याचा काही संबंध नाही, हे कळलं तेव्हा मी खट्टू झाले होते. आज वाटतं, आजीचं फारसं चुकत नव्हतं. नगर भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांमध्ये टिळकांना वडीलधाऱ्या माणसाची जागा आहे. ती त्यांनी कशी मिळवली, ते सांगते.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मणाचं घर. आई लहानपणीच गेली. त्यानंतर मुलगा नाशिकला आला आणि तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. लग्न झालं नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी, म्हणजे आपल्या लक्ष्मीबाईंशी. तेव्हा त्यांचं वय अकराच्या आसपास होतं.

या गोखल्यांच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत फासावर गेले. त्या दिवसांत घरात शिपाई शिरले, वस्तूंना हात लागले, विटाळ झाला. त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत जायची नाही. मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. डोळ्यांपुढे आणा: एक लहान मुलगी, तिच्या हातात मीठ, वरून पाणी. किती उरत असेल हो मीठ? त्या घरातली ही मुलगी, आणि तिचं लग्न झालं टिळकांशी.

टिळक कसे होते? बुद्धीने तेजस्वी, मनाने हळवे, पण रागीट आणि भटके. नोकरी धरायची, सोडायची. मनात आलं की कुणाला न सांगता घरातून निघून जायचं. मागे ही पोर सासरी वाट बघत बसलेली. मुलं झाली ती दगावली. १८९१ साली दत्तू झाला तो जगला. मधल्या काळात टिळक नागपूरला अप्पासाहेब बुट्टींच्या आश्रयाने संस्कृतचं काम करत होते, कविता करत होते, आणि देशाचं पुनरुत्थान होईल असा नवा धर्म कसा काढता येईल याच विचारात बुडालेले होते.

मग १८९३ मध्ये तो आगगाडीतला प्रसंग घडला. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. कवितेवरून, धर्मावरून गप्पा झाल्या. त्याने बायबलातल्या नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अशक्य वाटलं, पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलता येईना. मनात वर्षानुवर्षं साठलेल्या प्रश्नांची उत्तरं तिथे सापडली, असं त्यांनी पुढे सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्या उपदेशांत ही गोष्ट नेहमी इथवरच सांगितली जाते. टिळक ख्रिस्ताकडे आले, हालेलूया, पुढचं गाणं. मला इथे थांबायचंय. बायको त्या दिवशी कुठे होती? नवरा बाप्तिस्मा घेणार हे तिला विचारून ठरलं नव्हतं. तिला बातमी कळली तेव्हा सगळं होऊन गेलेलं. सवाष्ण असून नवरा गेल्यासारखा, तीन-चार वर्षांचं पोर पदरात, आणि नातलगांच्या आधाराने दिवस काढायचे. लक्ष्मीबाई पंढरपुरात राहिल्या. त्या माऊलीने काय भोगलं असेल ते त्यांच्या आठवणींत आलंय, आणि टिळकांची बाजू सावरण्यासाठी मी ते कमी करून सांगणार नाही. टिळकांनी त्यांच्यावर अन्याय केला. टिळकांवर जीव असणाऱ्या माणसानेही हे म्हणायला हवं.

पण त्यानंतरचे टिळक बघा. जवळजवळ पाच वर्षं त्यांनी वाट पाहिली. दुसरं लग्न करणं अवघड नव्हतं, त्यांनी केलं नाही. पत्रं लिहीत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी मुळीच नव्हे. मी माझ्या धर्मात राहीन, तुम्ही तुमच्या, आणि माझी चूल वेगळी. अमेरिकन मराठी मिशनचा उपदेशक, धर्मशिक्षणाच्या शाळेत पुढच्या पाळकांना शिकवणारा माणूस, आणि त्याच्या बायकोचं सोवळ्यातलं स्वयंपाकघर वेगळं! ख्रिस्ती समाजात लोक काय बोलत असतील याची कल्पना करा. ब्राह्मण नातलग तर बोलतच होते. टिळकांनी ती चूल वेगळी राहू दिली.

मी स्वतः उपदेश करते, म्हणून मला या चुलीपाशी फार वेळ थांबावंसं वाटतं. आपल्या घरातलं माणूस आपल्यासारखं विश्वास ठेवत नाही, याचं दुःख उपदेशकाला किती असतं ते मला माहीत आहे. आपण घाई करतो. जेवताना एखादं वचन सोडून देतो, प्रार्थनेत त्याचं नाव घेऊन त्यालाच ऐकवतो. ज्याच्या जिभेवर सरस्वती होती, ज्याचं बोलणं ऐकायला माणसं गोळा व्हायची, त्याने आपल्याच घरात शब्द आवरले. हे त्या तापट माणसाला सहज जमलं असेल असं मला वाटत नाही.

आणि फळ कसं आलं बघा. राहुरीला असताना एका रात्री लक्ष्मीबाईंना झोप येईना. स्वतःशीच विचार सुरू झाला: जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांत जसे घोडा, बैल, शेळी असे वेगवेगळे घाट आहेत तसे माणसांत का नाहीत? देवाने तर बाई आणि पुरुष एवढाच भेद केलेला दिसतो. मिठाला पाणी लावणाऱ्या घरातली ती मुलगी एका रात्रीत या टोकाला आली, आणि यापुढे कुणाच्याही हातचं खाईन असं ठरवून उठली. हे तिला कुणी प्रवचनातून शिकवलं नव्हतं. दोन चुलींची एक झाली. १९०० साली राहुरीलाच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पाळकपदाची दीक्षा टिळकांना १९०४ मध्ये मिळाली. त्यांच्या जाहीर सेवेबद्दल बोलायचं तर भजन-कीर्तनापासूनच सुरुवात करावी लागते. त्या काळी आपल्या मंडळ्यांमध्ये बरीचशी गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली असत. शब्द मराठी, पण आघात भलत्याच अक्षरावर. खेड्यातल्या आयाबायांना ती म्हणता यायची नाहीत. नगरलाच कृष्णराव सांगळ्यांनी टिळकांच्या कितीतरी आधी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं, ते श्रेय त्यांचं. टिळकांनी त्या वाटेवर अभंग आणला, ओवी आणली. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते उघड सांगत. आज आपल्या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून जास्त गीतं आहेत. माझ्या निरक्षर आजीच्या तोंडी ती बसली, कारण ती तिच्या जात्यावरच्या ओवीची सख्खी बहीण होती. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाची मराठी बाजूही तेच सांभाळत होते. कामाचा डोंगर होता.

आणि घर? घर म्हणजे धर्मशाळा. टिळक बाहेर गेले की परत येताना कुणाला घेऊन येतील याचा नेम नसे. अनाथ पोर, शिकायला आलेला विद्यार्थी, एखादा भुकेला. खिशात असेल ते देऊन यायचे. तारा नावाच्या एका पोरीला त्यांनी आपलीच मुलगी मानून वाढवलं. स्वयंपाक अर्थातच लक्ष्मीबाईंचा. पाहुणा टिळक आणत आणि पिठाचा डबा लक्ष्मीबाईंना बघावा लागे. आपल्या समाजात आतिथ्याचं कौतुक नेहमी दार उघडणाऱ्याच्या वाट्याला येतं. मला वाटतं, त्यातलं निम्मं तरी चुलीपुढे बसलेल्या बाईला द्यावं.

या घरात आलेल्यांपैकी एकाचं नाव तुम्हाला माहीत आहे: त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या या सतरा वर्षांच्या लाजाळू पोराने कविता म्हटल्या आणि त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळालं. टिळकांनी त्याला जवळ केलं. तो त्यांच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखा सांभाळला. रुसवेफुगवे झाले, जाणं-येणं झालं, घरात होतं तसं सगळं झालं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. एका ख्रिस्ती उपदेशकाच्या ताटात जेवले, त्याच्या छपराखाली निजले, आणि हिंदूच राहिले. टिळकांची त्यांच्यावरची माया त्याने कमी झाली नाही. ज्या माणसाने घरातली वेगळी चूल सहन केली होती, त्याला हे जड गेलं नसणार. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादलीला आगगाडीखाली बालकवी गेले. वय सत्तावीस.

तोवर टिळकांनी मिशनही सोडलं होतं. १९१७ मध्ये पगाराची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना अशी, की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावं. त्या वेळी अनेकांना हे पटलं नाही. आजही आपल्यातल्या काहींना पटत नाही, मला माहीत आहे, आणि या सभेत तो वाद मी उकरून काढणार नाही. मी एवढंच म्हणेन, की हा दरबार साताऱ्याला भरण्याच्या कितीतरी आधी नगरच्या त्यांच्या घरात भरलेला होता.

त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईला जे. जे. रुग्णालयात ते वारले. आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती, तसंच झालं, आणि रक्षा नगरला आणली. आयुष्यभर उपदेश केलेला हा माणूस आपल्या एका गीतात प्रभूला सांगतो, की मी अजून पुष्कळ उणा आहे. आमच्या घरी कुणी दगावलं की आजी ते गीत धरायची. पहिल्या ओळीला तिचा आवाज फुटायचा, दुसऱ्या ओळीला लागायचा.

टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांमध्ये लिहायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. अकरा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचं कोण लिहिणार? घरात पंडित कुणी उरला नव्हता. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या. पण त्या बसल्या. कधीकाळी नवऱ्याच्या या देवापासून लांब राहण्यासाठी ज्यांनी वेगळी चूल मांडली होती, त्यांनी त्याच देवाच्या चरित्राचे ६४ अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. तेव्हा एक अध्याय राहिला होता. तो दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, लिहिला.