अ‍ॅडमिशन झाल्यावर मार्क घसरले तर?

नमस्कार मंडळी. मार्च संपत आला की माझ्या कमेंट्समध्ये हा प्रश्न सुरू होतो: "ताई, यूसीत नंबर लागलाय, पण शेवटच्या सेमिस्टरला फिजिक्स गडगडलंय. अ‍ॅडमिशन काढून घेतात का?"

हो, घेऊ शकतात.

आज फक्त यूसीबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाबद्दल बोलते. यूसीची अ‍ॅडमिशन सुरुवातीला प्रोव्हिजनल, म्हणजे अटींवर दिलेली असते. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास अर्ज भरताना ग्रेड मुलांनी स्वतःच टाइप केलेल्या असतात, शाळेचा अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि ग्रेडची गुणपत्रिका) तेव्हा कोणी मागत नाही. तो जातो बारावी संपल्यावर, १ जुलैपर्यंत. मग अर्जाशी ताडून बघतात. अटी साधारण अशा: बारावीच्या वर्षाचा जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.०, म्हणजे साधारण बी, एकही डी किंवा एफ (नापास) नको आणि अर्जात लिहिलेले सगळे विषय पूर्ण. नेमकी अट तुमच्या कॅम्पसच्या पोर्टलवर आहे, ती वाचा. एखाद्या ए-चा बी झाला म्हणून झोप उडवून घेऊ नका.

आता खरा मुद्दा. डी आला, किंवा तो येणार हे दिसायला लागलं, किंवा एखादा विषय सोडला, तर अ‍ॅडमिशन ऑफिसला लगेच कळवायचं. विषय सोडणंसुद्धा कळवायचं. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी खाली कमेंट येते, "आपणहून कशाला सांगायचं? लक्षात नाही आलं तर?" अहो, ट्रान्सक्रिप्ट शाळेकडून थेट जातो. लक्षात येणारच आहे. फक्त तुम्ही मेमध्ये सांगितलं तर मार्ग काढायला वेळ असतो, आणि त्यांना जुलैत सापडलं तर ऑगस्ट तोंडावर असतो.

आमच्या शेजारच्या मुलीचं सांगते. एप्रिलमध्ये कॅल्क्युलसमध्ये डी दिसायला लागला. घरात आजी आजारी, आई-बाबांची धावपळ, तिचं अभ्यासातलं लक्षच उडालेलं. तिच्या बाबांचं म्हणणं, "गप्प बस, होईल नीट." मी तिला शेजारी बसवून मेल लिहून घेतला. नाव, अर्जाचा नंबर, कुठला विषय, आत्ता ग्रेड काय, कशामुळे, आणि भरून काढायला ती काय करतेय. सात-आठ ओळी, रडगाणं नाही. उत्तर आलं: समर कोर्सला सी किंवा वर आणा आणि तो ट्रान्सक्रिप्ट पाठवा. तिने आणला. पण सगळ्यांना असंच उत्तर मिळेल असं धरून चालू नका. आधी विचारा, मग समर कोर्सचे पैसे भरा.

आणि मेल मुलांनी लिहायचा. बाबांनी नाही, काकांनी नाही! विद्यार्थी तो आहे, ऑफिसला त्याच्याशीच बोलायचं असतं. शाळेच्या काउन्सेलरलाही त्याच दिवशी सांगा, कारण ऑफिसने चौकशी केली तर पहिला फोन तिथेच जातो.

"एवढं कोण बघतं" म्हणणाऱ्यांसाठी २०१७ चं उदाहरण. यूसीचाच एक कॅम्पस असलेल्या यूसी अर्व्हाइनने त्या उन्हाळ्यात ४९९ मुलांच्या अ‍ॅडमिशन मागे घेतल्या. अपेक्षेपेक्षा बरीच जास्त मुलं येणार होती आणि त्या वर्षी अटी अगदी काटेकोर लावल्या गेल्या. त्यातल्या २९० जणांचं प्रकरण ट्रान्सक्रिप्टचं होतं, म्हणजे तो न पोहोचणं किंवा उशिरा पोहोचणं असल्या अडचणींचं, बाकीच्यांचं ग्रेडचं. मोठा गदारोळ झाला, चॅन्सेलरनी (कॅम्पसच्या प्रमुखांनी) माफी मागितली आणि बहुतेक मुलांना परत घेतलं. पण ज्यांच्या ग्रेड खरोखरच अटीत बसत नव्हत्या, त्यांना ती सवलत नव्हती. म्हणून ट्रान्सक्रिप्ट गेलाय का, हे शाळेला विचारून थांबू नका. पोर्टलवर 'पोहोचला' असं दिसेपर्यंत बघत राहा.

पुण्याहून एकीने विचारलंय, ब्रिटनची ऑफर आहे, तिथे काय? तिथे पत्रातच आकडा असतो, बारावीला एवढे टक्के. निकालात कमी पडले तर त्याच दिवशी युनिव्हर्सिटीला लिही. कधी कधी थोडक्यात हुकलेल्यांना घेतात, पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

मेलचा नमुना खाली डिस्क्रिप्शनमध्ये ठेवलाय. तो जसाच्या तसा चिकटवू नका, कारण तुमचं तुम्हीच लिहायचं आहे. पोर्टलवरची अट समजली नाही तर तेवढं वाक्य कमेंटमध्ये टाका, अर्जाचा नंबर मात्र टाकू नका.