आडात पाणी आहे, तुटलाय तो दोर

नमस्कार. विषय वरवर रुक्ष वाटेल, पण ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याला तो रुक्ष वाटणार नाही. रात्री झोपताना कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टीमचं मोठं अपग्रेड लावून ठेवलेलं असतं. सकाळी सगळं नवं दिसतं, झटपट चालतं. मग नॅसवरचे, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या त्या साठवणुकीच्या डब्यातले फोटो उघडायला जावं, तर ड्राइव्हवर लाल फुली. पत्ता टाकावा, तर 'नेटवर्क पाथ सापडला नाही'. दहा वर्षांचं काम, मुलांचे लहानपणचे व्हिडिओ, हिशेब, सगळं त्या डब्यात. पोटात गोळा येतो.

माझ्यावर पहिल्यांदा ही वेळ आली तेव्हा मी जे केलं ते आधी सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी ते करू नये. मी नॅस बंद केला, त्यातली हार्डडिस्क काढली आणि थेट कॉम्प्युटरला जोडली. विंडोजने सांगितलं, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा. माझं बोट माउसच्या बटणावर होतं. डिस्क धडधाकट होती. नॅसच्या आत बहुतेक वेळा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असते, त्याची फाइल रचना ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस प्रकारची असते आणि विंडोजला ती आपली आपण वाचता येत नाही. न वाचता आलेली डिस्क त्याला कोरी वाटते, म्हणून ते फॉरमॅट करू का विचारतं. तिथे 'हो' म्हटलं असतं, तर तोवर सुखरूप असलेला माझा डेटा मी स्वतःच्या हाताने घालवला असता.

आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे प्रकार उलटा असतो. आडात पाणी काठोकाठ आहे, तुटलाय तो दोर. अपग्रेड झालं ते तुमच्या कॉम्प्युटरचं, नॅसमधल्या फाइलींना त्याने हातही लावलेला नाही. म्हणून पहिला नियम असा: दोर सापडेपर्यंत आडात उतरायचं नाही. डिस्क काढणं, नॅस फॅक्टरी रीसेट करणं, नवा व्हॉल्यूम बनवणं, यातलं काहीही पहिल्या दिवशी करू नका.

आता हा दोर तुटतो कसा? विंडोजचा कॉम्प्युटर आणि नॅस एकमेकांशी एसएमबी नावाच्या भाषेत बोलतात. ही भाषा १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली. तेव्हा एका इमारतीतल्या यंत्रांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा, एवढंच गृहीत होतं. २००६ च्या अखेरीस विंडोज व्हिस्टाबरोबर तिची दुसरी आवृत्ती आली आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तिसरी, जिच्यात संभाषण कूटबद्ध करण्याची सोय आहे. तरी पहिली आवृत्ती जुन्या यंत्रांसाठी चालूच राहिली. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो यंत्रामागून यंत्रात शिरत होता तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातून. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य कॉम्प्युटरांवर ती बसवलेलीच नव्हती.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही पहिली आवृत्ती काढायला सुरुवात केली. इथे एक बारकावा आहे. होम आणि प्रो आवृत्त्यांत तिचा क्लायंट भाग, म्हणजे ज्याच्या जोरावर कॉम्प्युटर नॅसकडे फाइल मागतो तो, लगेच गेला नाही. कॉम्प्युटर चालू असण्याचे एकूण १५ दिवस त्याचा वापर दिसला नाही, तर तो आपोआप काढला जाई. नॅसकडे कधीमधीच जाणाऱ्या माणसाचं घोडं त्यामुळे अपग्रेडनंतर कित्येक आठवड्यांनी अडलं. तोवर अपग्रेड विस्मरणात गेलेलं, मग दोष राउटरला नाहीतर केबलला. आजार म्हशीला, औषध पखालीला!

अलीकडचं मोठं वळण म्हणजे २०२४ मधलं विंडोज ११ चं २४एच२ हे अपग्रेड. त्याच्या प्रो आवृत्तीत दोन गोष्टी एकदम आल्या. एक, एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही हवी, म्हणजे वाटेत कुणी निरोप बदलला तर कळेल. दुसरी, पाहुणा म्हणून, पासवर्डशिवाय, आत जाणं बंद. या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सहीला लागणारी किल्ली लॉगिनमधून तयार होते, आणि पाहुण्याकडे पासवर्डच नाही तर सही कशाने करणार? ज्यांनी नॅसवर 'सर्वांना खुलं' असं फोल्डर ठेवलं होतं, त्यांना अचानक संदेश दिसू लागला की तुमच्या संस्थेचं सुरक्षा धोरण हे अडवतंय. घरच्या एकट्या कॉम्प्युटरला कुठली संस्था? माणूस गोंधळून जातो. अर्थ इतकाच की पासवर्ड न देता आत जाऊ पाहताय, ते आता चालणार नाही.

मॅकवाल्यांनीही हे सोसलं आहे. जुलै २०११ मध्ये मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीमची लायन ही आवृत्ती आली तेव्हा ॲपलने नेटवर्कवरून लॉगिन करण्याची जुनी, कमकुवत पद्धत बंद केली. टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप सोयीला नेटवर्कवर चालायचं तर एएफपीची, म्हणजे एसएमबीसारख्याच ॲपलच्या भाषेची, नवी क्षमताही लागू लागली. बाजारातल्या बऱ्याच नॅसमध्ये एएफपीसाठी नेटाटॉक नावाचं मुक्त सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीत बसवलेलं होतं. एका रात्रीत त्यांवरचे टाइम मशीन बॅकअप थांबले, आणि उत्पादकांनी नवं फर्मवेअर, म्हणजे नॅसच्या आतलं सॉफ्टवेअर, काढेपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे मॅकही एसएमबीकडे वळला. तुमचा टाइम मशीन बॅकअप आजही एएफपीवरून चालत असेल, तर पुढच्या अपग्रेडची वाट न पाहता तो एसएमबीवर न्या.

दोर शोधायचा कसा, ते सांगतो. मी नॅसपासून सुरू करतो, कॉम्प्युटरपासून नाही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये नॅसचा आयपी पत्ता टाकून त्याचं व्यवस्थापनाचं पान उघडतं का पाहायचं. उघडलं, आतल्या डिस्क निरोगी दिसल्या, की अर्धी धडधड तिथेच थांबते. नाहीच उघडलं, तर राउटरच्या यादीत पाहा. अपग्रेडच्या गडबडीत आपण राउटरही बंद-चालू करतो आणि नॅसला नवा पत्ता मिळतो. कॉम्प्युटर बिचारा जुन्याच दारावर थापा मारत राहतो. नॅसचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला, तर ही कटकट पुन्हा येत नाही.

मग कॉम्प्युटरवर या. एक्स्प्लोररच्या 'नेटवर्क' यादीत नॅस दिसत नाही, याचा अर्थ तो पोहोचण्यासारखा नाही असा होत नाही. ती जुनी यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या आधारावर उभी होती, ती गेली तशी यादीही गेली. पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश, त्यापुढे नॅसचा आयपी पत्ता लिहून एंटर दाबा. फोल्डर उघडलं तर फक्त यादीचा प्रश्न आहे. नॅसच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएस-डिस्कव्हरी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना शोधण्याची नवी पद्धत, चालू केली की नाव बहुधा यादीत परत येतं. अपग्रेडनंतर घरचं नेटवर्क 'पब्लिक' ठरलं आहे का, हेही पाहून घ्या. तसं झालं असेल तर यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत.

पत्त्यावर पोहोचलात पण लॉगिन नाकारलं जातंय, असं बरेचदा होतं. रोज कॉम्प्युटर उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो आणि सवयीने तोच पिन नॅसच्या पासवर्डच्या रकान्यात टाकतो. नॅसला त्या पिनशी देणंघेणं नाही. त्यावर तयार केलेलं वापरकर्त्याचं नाव आणि त्याचा पासवर्ड हवा. शिवाय विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुनं लॉगिन साठवलेलं असेल, तर तुम्ही काहीही लिहा, आधी तेच पुढे केलं जातं. ते काढून टाका, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि नव्याने जोडा.

मॅकवर सेक्वोया या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, एखाद्या ॲपला स्थानिक नेटवर्कवरच्या यंत्रांशी बोलायचं तर वेगळी परवानगी लागते. दुसऱ्या कंपनीचं बॅकअप सॉफ्टवेअर अचानक नॅस शोधेनासं झालं, तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये 'लोकल नेटवर्क' आणि 'फुल डिस्क ॲक्सेस' या दोन जागा आधी पाहा.

आता मला कळकळीने सांगायची गोष्ट. या दुखण्यावर शोध घेतला की सर्वात आधी हाती लागणारा उपाय म्हणजे विंडोजमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा, सही बंद करा, पाहुण्याला वाट द्या. दोन मिनिटांत फोल्डर उघडतं. पण त्या दोन मिनिटांत वॉनाक्रायसारख्यांनी वापरलेला दरवाजा आपण उघडतो, तोही नेमका ज्या डब्यात आपला बॅकअप आहे त्याच्या दिशेने. नव्या यंत्राला खाली ओढण्याऐवजी जुन्याला वर आणा. नॅसचं फर्मवेअर अद्ययावत करा. फाइल सेवेच्या सेटिंगमध्ये किमान आवृत्ती एसएमबी२ आणि कमाल एसएमबी३ ठेवा, पाहुण्याचं खातं बंद करून प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या. दिसायला कष्टाचं आहे, पण अर्ध्या तासाचं काम आहे. जोडणी खरोखर कोणत्या आवृत्तीवर झाली, ते प्रशासक म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत, 'गेट-एसएमबीकनेक्शन' लिहिलं की दिसतं.

फोल्डर उघडलं की लोक सुटकेचा श्वास सोडतात. मला खरी धास्ती तिथून पुढे वाटते, कारण फोल्डर उघडणं आणि बॅकअप चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री आपोआप चालणारं बॅकअपचं काम अनेकदा दुसऱ्या खात्याखाली चालतं. तुम्हाला दिसणारं झेड हे ड्राइव्हचं अक्षर त्या खात्याला दिसत नाही आणि काम मुकाट्याने बंद पडतं. म्हणून बॅकअपमध्ये ड्राइव्हचं अक्षर न देता नॅसचा पूर्ण पत्ता द्यावा आणि तिथला पासवर्डही नवा भरावा.

मुकाट्याने बंद पडणं किती महाग पडतं, याचं एक उदाहरण जाहीर आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसच्या फाइली पुसल्या गेल्या. बॅकअप शोधायला गेले, तर जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं होतं. आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून ते दर वेळी चूक देऊन थांबत होतं. चुकीची सूचना ईमेलने जातही होती, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नसल्याने ती पत्रं परत फिरवली जात होती. सहा तास आधी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत हाती होती, म्हणून नुकसान तेवढ्यावर थांबलं. त्या कंपनीबद्दल मला आदर आहे, कारण हे सगळं तिने स्वतः, काही न लपवता लिहून प्रसिद्ध केलं. आपल्या घरातला बिघाड अगदी याच जातीचा असतो: एका बाजूची आवृत्ती पुढे गेली, दुसरी मागे राहिली आणि कुणाला कळलं नाही.

तेव्हा अपग्रेडनंतर 'बॅकअप पूर्ण' या हिरव्या खुणेवर विसंबू नका. एक फाइल परत आणून पाहा. अपग्रेडआधीच्या तारखेची एक आणि नंतरची एक, दोन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा आणि उघडा. मॅकवर कधी संदेश येतो की विश्वासार्हतेसाठी टाइम मशीनला नव्याने बॅकअप सुरू करावा लागेल. तिथे लगेच होकार देऊ नका, जुना सगळा इतिहास त्याने जातो. आधी नॅसवरच्या जुन्या बॅकअपची प्रत काढून घ्या, मग पुढे जा.

मघाशी कुणीतरी चिठ्ठीवर विचारलं होतं की नॅस इतका जुना आहे की उत्पादकाने फर्मवेअर देणं बंद केलंय आणि त्याला एसएमबीची पहिलीच आवृत्ती येते, मग काय करायचं? त्याचं व्यवस्थापनाचं पान अजून उघडतं का पाहा. बहुतेक नॅसमध्ये तिथूनच यूएसबीला जोडलेल्या डिस्कवर सगळं उतरवण्याची सोय असते, कॉम्प्युटरची गरजही पडत नाही. एफटीपी, म्हणजे फाइली उतरवून घेण्याची जुनी पद्धत, असेल तर ती दुसरी वाट. डेटा बाहेर आला, चार-दोन फाइली उघडून पाहिल्या, आणखी एक प्रत दुसऱ्या जागी ठेवली, की तो डबा नेटवर्कवरून उतरवा. डिस्क मात्र लगेच पुसू नका. नव्या नॅसवरून एकदा सगळं परत आणून पाहीपर्यंत ती कपाटात राहू द्या.