अडीच हजार खुंट्यांचा पूल

[दृश्य: सकाळ. ओढ्यावरचा पूल, बाहेरून.]

लांबून पाहिलं तर कुणीतरी धान्याचं कोठार उचलून ओढ्यावर आडवं ठेवलंय असं वाटतं. उतरतं छप्पर, फळ्यांच्या भिंती, आत अंधार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, वुडबरी गावाजवळचा हा रेड ओक क्रीकवरचा पूल. 1840च्या दशकातला. बांधणारे होरेस किंग. त्यांच्या हातच्या पुलांपैकी एवढा एकच उरला, असं मानलं जातं.

कंत्राटदार म्हटलं की पहिल्या पावसात वाहून गेलेला रस्ता आठवतो. किंग कंत्राटदारच होते. 1807 मध्ये साऊथ कॅरोलिनात जन्मले, गुलाम म्हणून. जॉन गॉडविन या पूल बांधणाऱ्या कंत्राटदाराने त्यांना विकत घेतलं, आणि 1832 मध्ये जॉर्जिया आणि अलाबामा राज्यांच्या सीमेवरच्या चॅटाहूची नदीवर कोलंबस शहराचा पूल बांधायला हे दोघे इकडे आले.

[दृश्य: पुलाच्या आत. जाळीतून येणारा उजेड, मग एका खुंटीवर कॅमेरा.]

आत या. उजेड कसा पडलाय बघा, शंकरपाळ्या कापून ठेवल्यासारखा. ही जाळी म्हणजेच पूल. बाकी सगळं तिच्या राखणीला. इथिएल टाउन या वास्तुरचनाकाराने 1820 मध्ये या बांधणीचं पेटंट घेतलं. जाडजूड तुळया नकोत. लांब फळ्या एकमेकींवर तिरप्या टाकायच्या, जिथे छेदतील तिथे गिरमिटाने आरपार भोकं पाडायची आणि लाकडी खुंट्या ठोकायच्या. सांगायला सोपं आहे. पण भोक सूतभर इकडेतिकडे झालं तर खुंटी एकतर बसत नाही किंवा खुळखुळते, आणि एक खुळखुळली की तिचा भार शेजारणीवर जातो. इथे मधला गाळा 116 फुटांचा, आणि खुंट्या सुमारे अडीच हजार.

ही खुंटी जवळून पाहा. डोकं ठोकून ठोकून चपटं झालंय, कडेला लाकडाच्या शिरा फाटल्यात. हात कुणाचा होता ते कळत नाही. कामावर माणसं बरीच असत. पण आखणी किंगांची. आणि छप्पर वाटसरूंसाठी नाही हो, या जाळीसाठी. लाकूड कोरडं राहिलं तरच टिकतं.

[दृश्य: माँटगोमेरी. अलाबामा राज्य कॅपिटॉलमधला गोल जिना, खालून वर.]

पूल बांधणाऱ्याने जिना बांधला की काय होतं, ते इथे दिसतं. अलाबामाच्या विधिमंडळाची आधीची इमारत 1849 मध्ये जळाली, नवी पुढच्या दोन वर्षांत उभी राहिली. हे वळत वर जाणारे जुळे जिने किंगांच्या नावावर आहेत. मध्ये खांब शोधू नका, नाही.

तोवर ते स्वतंत्र झाले होते. 1846 मध्ये, अलाबामाच्या विधिमंडळाने खास कायदा करून त्यांना मुक्त केलं. एका माणसाला मोकळं करायला सभागृहात ठराव लागावा! आणि तेच सभागृह पुढे त्यांना आमदार म्हणून बघणार होतं.

[दृश्य: चॅटाहूची नदी, कोलंबस. आजचा पूल.]

मग अमेरिकेतलं यादवी युद्ध, उत्तर विरुद्ध दक्षिण. दक्षिणेच्या सैन्यासाठीही त्यांना काम करावं लागलं. 1865च्या एप्रिलमध्ये उत्तरेच्या फौजेच्या हल्ल्यात इथले पूल जळाले, आणि शहराचा पूल पुन्हा बांधला तो किंगांनीच. 1868 मध्ये आमदारकी. निवडून आल्यावर सुरुवातीला बराच काळ ते सभागृहाकडे फिरकलेच नाहीत म्हणे. काम चालू होतं ना!

[दृश्य: जुनं दफनस्थान. गॉडविन यांची समाधी.]

हा दगड गॉडविन यांचा. 1859 मध्ये ते वारले तेव्हा कर्जात बुडालेले होते. दगड बसवला होरेस किंग यांनी, स्वखर्चाने. कोरलेल्या मजकुरात 'मित्र' असाही शब्द आहे आणि 'पूर्वीचा मालक' असाही. आम्ही दोन्ही वाचले.

[दृश्य: लाग्रेंज. किंग यांची समाधी.]

स्वतः किंग 1885च्या मे महिन्यात लाग्रेंजमध्ये गेले. चार मुलगे आणि मुलगी ॲनी, सगळे बांधकामात. थोरल्या वॉशिंग्टनने बांधलेला, त्याच जाळीचा, वॉटसन मिलचा 229 फुटांचा पूल अजून उभा आहे. तिथलं चित्रण पावसामुळे झालं नाही.

[दृश्य: पुन्हा रेड ओक क्रीक. समोरून येणारी गाडी.]

हलक्या गाड्या यावरून आजही जातात. ही एक येतेय. आता फळ्यांचा आवाज ऐका.