वाचता येतं, पण कितपत?

(दृश्य: जुनं विवाह नोंदणी रजिस्टर)

इंग्लंडमधल्या जुन्या विवाह नोंदीचं हे पान. वराच्या नावापुढे वळणदार सही, वधूच्या नावापुढे नुसती फुली. १९व्या शतकात तिथलं सरकार देशाची साक्षरता मोजायचं ती याच सह्या आणि फुल्या मोजून. १८३९ पासूनचे असे आकडे उपलब्ध आहेत. पण सही गिरवून गिरवून पाठ करता येते. उलट फुली मारणाऱ्या कितीतरी बायका छापील मजकूर वाचू शकत असतील, कारण त्या काळी आधी वाचायला शिकवत, लिहायला मागाहून.

अमेरिकेच्या १८४०च्या जनगणनेत प्रगणकांनी घरोघरी निरक्षरांची नोंद घेतली. घरच्यांनी सांगितलं, तेच कागदावर उतरलं. दारात आलेल्या सरकारी माणसासमोर ‘आम्हाला वाचता येत नाही’ असं कबूल करणं सोपं नसतं.

(दृश्य: औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर)

विचारण्याऐवजी माणसाच्या हातात कागदच द्यावा, हे उशिरा सुचलं. १९९४ साली काही देशांनी मिळून १६ ते ६५ वयाच्या लोकांची पाहणी केली. त्यातला हा एक सोपा प्रश्न : हे औषध जास्तीत जास्त किती दिवस घ्यावं? वेष्टनावर दिवसांचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे. बोट ठेवायचं आणि सांगायचं, एवढंच.

(दृश्य: घरातलं टेबल, टॅबलेट, समोरासमोर दोन माणसं)

त्याच पाहणीची ही आजची पुढची पिढी. सर्वेक्षक घरी येतात, आधी शिक्षण आणि कामाबद्दल विचारतात, मग टॅबलेट पुढे सरकवतात. पडद्यावर वाक्य येतं : ‘तीन मुलींनी गाणं खाल्लं.’ याला अर्थ आहे की नाही? हो किंवा नाही, एवढंच उत्तर द्यायचं. लागलेला वेळही नोंदला जातो, कारण अक्षर अक्षर जुळवत वाचणारा आणि सहज वाचणारा, दोघांचंही उत्तर बरोबर येऊ शकतं. फरक कळतो तो वेळेतूनच.

(दृश्य: वर्गाचा कोपरा, शिक्षिका आणि मूल)

लहान मुलांसाठी युक्ती वेगळी. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांना ४० शब्द मोठ्याने वाचायला देतात. त्यातले २० शब्द भाषेत नाहीतच, मुद्दाम बनवलेले आहेत. शेजारी काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं. पाठांतर इथे कामी येत नाही. अक्षरांचे आवाज जुळवावेच लागतात. या मुलीकडे पाहा.

(दृश्य: ग्रंथालय, रेल्वे स्थानकातल्या पाट्या)

डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्यांच्या त्या टॅबलेटवरच्या पाहणीचे निकाल आले. ३१ देश आणि अर्थव्यवस्था, सुमारे १,६०,००० माणसं. विकसित देशांच्या सरासरीत दर चार प्रौढांमागे एकजण वाचनाच्या सर्वांत खालच्या पातळ्यांवर आहे. आधीच्या फेरीपेक्षा वाचनात लक्षणीय सुधारणा झाली ती फक्त फिनलंड आणि डेन्मार्कमध्ये.

आधीची फेरी बहुतेक देशांत झाली होती २०११-१२ मध्ये. अमेरिकेत चौथीच्या मुलांचं वाचन साधारण दर दोन वर्षांनी तपासलं जातं; मोठ्यांच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी दशकातून एखादी अशी पाहणी येते, तीही ज्या देशांनी सहभाग घेतला तिथेच. तोवर या माणसांनी औषधं घेतली, करारांवर सह्या केल्या, मुलांचे अभ्यासही घेतले. मोठ्यांच्या दारात सर्वेक्षकाने इतक्या वर्षांनी येऊन चालणार नाही.