अंगठा वर कर!

(प्लास्टर रूम. मशीनची घरघर.)

हा आवाज ऐकून मोठी माणसंही हात मागे घेतात. ही मुलगी तर जेमतेम पहिलीतली. म्हणून प्लास्टरवाले काका मशीन आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवतात. ही पाती गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. कडक प्लास्टर कापलं जातं. कातडी मऊ, ती पातीबरोबर हलते. पण पाती तापते, चटका बसू शकतो. बघा, काका सारखी उचलतात, बोटाने चाचपतात, पुन्हा टेकवतात.

झोपाळ्यावरून पडताना तिने डावा हात टेकला आणि दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडलं. ५ ते ७ वर्षांच्या मुलांमध्ये कोपराचं हे फ्रॅक्चर सर्रास दिसतं. हाड बसवून तारा घातल्या. ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही कॅमेरा नेला नाही.

(वॉर्ड. ऑपरेशननंतरची रात्र.)

या हाडाला लागूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. सूज वाढली की रक्तपुरवठा दबू शकतो, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर बोटं कायमची आखडतात. म्हणून सिस्टर पुन्हा पुन्हा येतात. नख दाबून सोडतात. गुलाबी रंग साधारण २ सेकंदांत परतायला हवा. मग हळूच, "अंगठा वर कर. बोटं फाकव. आता ओके कर बघू."

मुलीला वाटतं, खेळ चाललाय. तीन खुणा म्हणजे तीन नसांची तपासणी. ओकेचा गोल चपटा झाला, तर सिस्टर लगेच डॉक्टरांना फोन लावणार. पेंगणाऱ्या, दुखऱ्या मुलाकडून हे करून घ्यायला काय लागतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. फाइलमध्ये उतरतं एवढंच: बोटांची हालचाल व्यवस्थित.

बरं झाल्यावर आभार मानायला बहुतेक जण डॉक्टरांच्या केबिनकडे वळतात. त्यांचा मान आहेच. प्लास्टर निघाल्यावर हिने मात्र वॉर्डाचा रस्ता धरला. रात्रपाळीच्या सिस्टर यायला वेळ होता. आई म्हणाली, कार्ड ठेवून जाऊ. ही बाकावरून हलेना.

(कार्ड, जवळून.)

अंगठा, फाकवलेली बोटं, ओके. मधल्या हाताला बोटं सहा आहेत. खाली लिहिलंय, "रात्रीच्या सिस्टरला."

सिस्टर आल्या. कार्ड घेण्याआधी त्यांनी सवयीने तिचं नख दाबून पाहिलं.

कोपर अजून पुरतं सरळ होत नाही. रोजच्या हालचालीने होईल. मालिश नको, ओढून ताणणं नको, असं फिजिओथेरपिस्टनी आईला बजावलंय. झोपाळा सध्या बंद. त्यावर वाटाघाटी चालू आहेत.