चिरेखाणीतला थिसिस

(दृश्य: सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावरचं, वाळलेलं गवत. कॅमेरा पुढे सरकतो आणि जमीन अचानक संपते. खाली चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढायची खाण.)

सिंधुदुर्गातल्या सड्यांवर अशा खाणी किती आहेत, हे रस्त्यावरून जाताना कळत नाही. सडा सपाट दिसतो. अगदी काठावर पोचल्यावरच खड्डा समोर येतो. दोन-तीन पुरुष खोल, सरळ उभ्या कडा, आणि कडांवर चिरे कापणाऱ्या मशीनच्या पात्याने ओढलेल्या रेघा. चांगला चिरा संपला की खाणवाला पुढची जागा धरतो. मागे खड्डा राहतो. पावसाळ्यात तो भरतो. गुरं पडतात, पोरं पोहायला उतरतात, आणि कधीतरी वाईट बातमी येते. सातबाऱ्यावर या कातळाची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, अशी असते, त्यामुळे तिथे काय झालं आणि काय उरलं याची विचारपूस फारशी कोणी करत नाही.

मी मालवण तालुक्यातली. बी.आर्क.च्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, पाचव्या वर्षी थिसिसची जागा म्हणून मी अशीच एक सोडून दिलेली खाण निवडली. गवंडी आणि सुतार यांचं प्रशिक्षण केंद्र, असा विषय. त्या नकाशांपर्यंत मी कशी आले आणि त्यातून पुढे कोणता अभ्यास करायचा आहे, ते या फिल्ममध्ये सांगणार आहे.

(दृश्य: जुन्या घराचं खळं म्हणजे पुढचं अंगण, लोटा म्हणजे उंच ओटी, पडवी. टेप धरलेले हात.)

दुसऱ्या वर्षाला मोजणीचा प्रकल्प असतो. एक जुनी इमारत निवडायची, टेपने सगळी मोजायची आणि तिचे नकाशे काढायचे. वर्गातल्या बऱ्याच जणांनी देवळं घेतली, वाडे घेतले. मी शेजारच्या वाडीतलं साधं घर घेतलं. खळं, खळ्यावरून दोन पायऱ्या चढून लोटा, मग पडवी, माजघर, मागीलदारी न्हाणी. नकाशा काढायला सोपा. खरं घर समजलं ते सेक्शन काढताना, म्हणजे घर उभं कापल्यासारखं कागदावर मांडताना.

सेक्शनमध्ये सगळं पावसाभोवती बांधलेलं दिसतं. जोतं गुडघाभर उंच, कारण खळ्यात पडणारे पाण्याचे थेंब उसळून भिंतीला लागतात. छपराचा पाखा इतका खाली उतरलेला की पडवीत शिरताना वाकावं लागतं, कारण नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस तिरका असतो. तरीही ज्या बाजूने झड येते तिथे मे महिन्याअखेरीस माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधली जातात आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोडली जातात. म्हणजे या घराला वर्षातले चार-पाच महिने एक जादा भिंत असते, आणि ती परसातल्या माडावरून येते. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. या एका आकड्यातून ते अख्खं घर निघालेलं आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प मासळीच्या लिलावाची शेड. जमिनीला किती उतार द्यायचा, म्हणजे बर्फाचं पाणी आणि खवले गटारात जातील आणि मासे विकणाऱ्या बायांचे पाय दिवसभर ओल्यात राहणार नाहीत, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. किनाऱ्यावरच्या शेडी का सडतात, तेही तिथेच शिकले. खारी हवा काँक्रीटमधून आत शिरते, सळीला गंज चढतो, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. भारतीय मानक ४५६ नुसार किनारी हवेतल्या काँक्रीटमध्ये सळीवर किमान ४५ मिलिमीटरचं आवरण हवं आणि थेट समुद्राचे तुषार लागत असतील तर ५० मिलिमीटर. मासळी बाजारातल्या कुठल्याही खांबाचा उघडा पडलेला कोपरा बघा. सळी अगदी वरच दिसेल. कोर्समध्ये ही गोष्ट एका तक्त्यातल्या एका ओळीत येते. किनाऱ्यावर तिच्यावर छप्पर उभं राहणं-पडणं ठरतं.

मग ट्रेनिंगचं सत्र, मोठ्या शहरातल्या ऑफिसात. टॉयलेटचे तपशील, फरशीचे नकाशे, खिडक्यांची यादी. गरजेचं काम होतं, शिकायलाही मिळालं. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

(दृश्य: पाण्याच्या पिंपात बुडवलेला चिरा. बुडबुडे.)

हा चिरा नीट बघा. खाणीतून काढलेला जांभा आधी नरम असतो, तासता येतो. उघड्यावर ठेवला, सुकला, की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होतात आणि दगड कडक होतो. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तोच हा जांभा. अंगभर भोकं. पिंपात टाकला की तो बराच वेळ बुडबुडे सोडत राहतो आणि त्याचा रंग विटकरीवरून काळपट होतो.

आमच्याकडचे एक म्हातारे गवंडी आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. चुन्यात भिंत कशी बांधायची ते मी त्यांच्याकडे शिकायला जाते. पहिल्याच वेळी त्यांनी माझ्या हातातला कोरडा चिरा काढून घेतला.

“गो बाय, आदी पानी पिवांदे तेका. तानेलो चिरो चुन्यातला पानी ओढून घेता. मगे चुनो धरणा नाय.”

पुढे एका लेक्चरला हेच मी शोषण आणि क्युरिंग (चुना ओला ठेवून घट्ट होऊ देणं) या शब्दांत ऐकलं. आबांनी ते एका वाक्यात आणि एका पिंपात दाखवलं होतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. कोकणात सध्या जांभा जोरात आहे. रिसॉर्ट, होमस्टे, मुंबई-पुण्याच्या मंडळींची सेकंड होम्स, सगळीकडे उघडा चिरा आणि मधे सिमेंटची दरज, म्हणजे दोन चिऱ्यांमधला सांधा. फोटोत देखणं दिसतं. पण जांभा सच्छिद्र आहे आणि सिमेंटची दरज घट्ट. पावसाचं पाणी चिऱ्यात शिरतं, दरजेतून सुकून बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून ते चिऱ्याच्याच तोंडातून बाहेर पडतं आणि चिरा पृष्ठभागावर झिजत जातो. चुन्याची दरज उलट वागते. ओल तिच्यातून बाहेर पडते, खराब व्हायची तर दरज होते, आणि दरज पुन्हा भरता येते. चिरा पुन्हा भरता येत नाही.

याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं चर्च १६०५ मध्ये पूर्ण झालं. जांभ्याचं बांधकाम, वर चुन्याचा गिलावा. १९५० च्या दशकात तो गिलावा काढून दगड उघडा करण्यात आला. गेली सत्तर वर्षं तो दगड पावसात झिजतोय, आणि गिलावा परत करावा की नाही यावर वाद चालू आहे. लोकांच्या मनात आता लाल चर्चच बसलंय, हे मी समजू शकते. तरीही माझं मत स्पष्ट आहे: गिलावा परत यायला हवा. ज्यांनी ते बांधलं त्यांना हा दगड पावसात उघडा ठेवायचा नव्हता.

(दृश्य: अलिबाग, रेवदंड्याकडचा किनारा. नारळीच्या बागा.)

कोकणात नव्या आर्किटेक्चरने काहीच केलं नाही, असं नाही. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे शिकून आलेले नारी गांधी यांनी रेवदंडा-कोर्लईच्या परिसरात दगड-विटांची घरं बांधली, आणि ती कारागिरांसोबत जागेवर उभं राहून बांधली. अलिबागजवळ नांदगावला बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये केलेलं पामिरा हाउस ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांनी वेढलेलं आहे. वारा आत येतो, ऊन अडतं. मी या कामांचे नकाशे मन लावून अभ्यासले आहेत. पण ती ज्यांच्याकडे जमीन आणि पैसा आहे अशांची घरं आहेत. माझ्या वाडीत प्रश्न वेगळा आहे. वानरं कौलं फोडतात, वाशांना वाळवी लागते, दर मेमध्ये कौलं परतायला माणूस मिळत नाही. म्हणून लोक कौलं उतरवतात आणि पत्रे घालतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझ्या घरीही मागीलदारी पत्राच आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. त्यानंतर पत्र्यांचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने समोर आला. वाऱ्याने आमच्याकडची कौलं जागोजागी उडाली. पत्रे मात्र सलगच्या सलग गेले, आणि एक तर दोन घरं ओलांडून आंब्याच्या फांदीत अडकला. वाशाला पत्रा कशाने बांधला, किती अंतरावर बांधला, कौलाच्या कडेची ओळ चुन्यात बसवली का, असे अगदी साधे प्रश्न. त्यांची उत्तरं माहीत असलेला सुतार प्रत्येक वाडीत असायला हवा.

(दृश्य: थिसिसचं मॉडेल. छप्पर उचललं जातं.)

म्हणून प्रशिक्षण केंद्र, आणि म्हणून ते खाणीत. या दगडाबद्दल शिकायचं तर तो जिथून निघतो तिथेच शिकावं.

सड्यावरून बघितलं तर माझ्या इमारतीचं फक्त छप्पर दिसतं, गवताच्या थोडं वर. उतारावरून खाली गेलं की खाणीची कड हीच मागची भिंत. खाण एकाच पातळीला खणलेली नव्हती, तिच्यात टप्पे होते. वरच्या टप्प्यावर गवंड्यांची कार्यशाळा, मधल्यावर सुतारांची, कारण लाकडाला सावली हवी. सगळ्यात खालचा टप्पा मी मोकळा ठेवला. तिथे पावसाचं पाणी साठतं. ते काठावरून सहज दिसतं आणि त्याला कठडा आहे. छपराचं पाणीही तिथेच उतरतं. फेब्रुवारीनंतर सड्यावर पाण्याचा थेंब नसतो, तेव्हा चुना भिजवायला आणि चिरे भिजवायला हेच पाणी. काठावर पडलेल्या चिऱ्याच्या चुऱ्याचे ढीग मी चुन्यात मिसळून गिलाव्यासाठी वापरायचं ठरवलं. आबांबरोबर त्याचे छोटे नमुने केले. काही तडकले, काही नाहीत. तडकलेले का तडकले हे मला नीट सांगता येत नाही.

जुरीत, म्हणजे थिसिस तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, एका मॅडमनी याच मिश्रणाबद्दल विचारलं. “हे मिश्रण किती भार घेईल? ओलं असताना किती? कुठल्या चाचणीवरून म्हणतेस?” जांभ्याच्या चिऱ्यासाठी भारतीय मानक आहे, ३६२० क्रमांकाचं, १९७९ चं. पण आबांच्या चुन्यात बांधलेली, तिरक्या पावसात भिजलेली आख्खी भिंत कशी वागते, याची आकडेवारी माझ्या हातात नव्हती. तो प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. माझ्या एम.आर्क.चा, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाचा, विषय तोच असेल.

आमच्या घरात यावर बरंच बोलणं झालं. पाच वर्षांचा कोर्स संपला, १९७२ च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाली, की मुलगी कमवायला लागेल, असा बाबांचा साधा हिशोब होता. आणखी दोन वर्षं आणि आणखी फी हे त्यांना जड जाणारच. आई म्हणाली, “शिकून परत येणार असशील तर जा.” मी येणार आहे. चिरा इथेच आहे.

अर्ज कुठे करायचा? अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ. मूळचे पुण्याचे बाळकृष्ण दोशी, ज्यांना २०१८ मध्ये आर्किटेक्चरचं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं, त्यांनी १९६२ मध्ये तिथली आर्किटेक्चरची शाळा सुरू केली. जुन्या इमारतींचं जतन हा तिथे पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्येही आहे. गेट या परीक्षेच्या आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगच्या पेपरची तयारी रात्री चालू असते. आणि मनात एक लांबची जागा आहे, फ्रान्समधल्या ग्रनोबलची क्राटेर. मातीच्या बांधकामावर १९७९ पासून काम करणारी संस्था. तिथे माती, चुना, पाणी यांना प्रयोगशाळेत घेऊन बसतात. शिष्यवृत्तीशिवाय ते जमणार नाही, हे मला माहीत आहे.

पोर्टफोलिओ बनवताना एका सीनियरने सल्ला दिला की चकचकीत थ्रीडी चित्रं पुढे टाक, मोजणीचे नकाशे मागे. मी उलट केलं. पहिल्या पानावर त्या साध्या घराचा सेक्शन आहे, झापांसकट. दुसऱ्यावर खाण. मासळीच्या शेडीचा उतार तिसऱ्यावर.

(दृश्य: कौलं उतरवलेलं घर. वासे उघडे.)

या मे महिन्यात आम्ही वर्गातले काही जण पाडायला काढलेली घरं मोजणार आहोत. जेसीबी येण्याआधी दोन दिवस मिळाले तरी पुरतात. छपराचा उतार, पाख्याची लांबी, जोत्याची उंची, भिंतीची जाडी, दरज मातीची की चुन्याची, आणि कुठल्या बाजूची भिंत जास्त झिजली आहे, एवढं लिहून घ्यायचं. दरजेतला मूठभर चुना पिशवीत भरायचा, पिशवीवर गाव आणि भिंतीची दिशा लिहायची. तुमच्या वाडीत घर पाडायचं ठरलं असेल तर पाडण्याआधी एवढं जरूर करून ठेवा. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी टेप उभी धरा.